साडेतेरा एकर, तिसरा मजला

रविवार, १८ जानेवारी २००४. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी गोडदेव नाक्याजवळच्या आमच्या नवप्रभात सोसायटीच्या फाटकाशी एक बस थांबली. बसमधून मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतले बेचाळीस शेतकरी उतरले. ते माझं शेत बघायला आले होते.

मला शेत नाही. भाईंदर पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर, पाचशे पंचेचाळीस चौरस फुटांचा फ्लॅट आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. बसच्या पुढच्या काचेवर मात्र कागद चिकटवलेला होता. वर कृषी विद्यापीठाच्या विस्तार शिक्षण विभागाचं नाव, मधे ठळक अक्षरांत 'शिवार फेरी', आणि खाली 'भेट पहिली : प्रगतिशील शेतकरी श्री. गुणवंत रेडकर, मौजे गोडदेव. क्षेत्र : ५ हेक्टर ४५ आर'.

एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर. पाच हेक्टर पंचेचाळीस आर म्हणजे साडेतेरा एकर. हे गणित मी गॅलरीत, बनियनवर उभा असताना केलं. मी एका दैनिकात उपसंपादक आहे. बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या आकड्यांतल्या चुका काढत आलोय आणि माझ्या हातून चुकीचा आकडा छापायला गेलेला नाही, असं ऑफिसात मानतात. मी स्वतःही मानत होतो. म्हणून जे घडलं ते क्रमाने सांगणं भाग आहे.

सुरुवात ऑक्टोबरात झाली. दर बुधवारी आणि शनिवारी उत्तनजवळच्या चौक गावातून ग्रेसीबाई आमच्या बिल्डिंगमध्ये मासळीची पाटी घेऊन येतात. अशाच एका दिवशी त्यांनी बोंबील दिले, पाटीवर फडकं टाकलं, पण उठल्या नाहीत.

"दादा, एक सई पायजे."

"कसली?"

ग्रेसीबाईंनी पिशवीतून फॉर्म काढला. विद्यापीठाने चौक गावात धिंगरी अळिंबीचा, म्हणजे साध्या भाषेत मशरूमचा, कार्यक्रम आणला होता. भाताच्या पेंढ्यावर, बंद खोलीत, जमिनीशिवाय येणारं पीक. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागतात, मासळी बंद होते आणि गावातल्या बायकांच्या हाताला काम राहत नाही. त्या अडीच महिन्यांसाठी हे पीक होतं. पहिल्या टप्प्यात प्रशिक्षण आणि बियाणं मिळणार होतं. ते जमलं तर दुसऱ्या टप्प्यात, जूनच्या आधी, बांबूची मोठी शेड आणि पेंढा उकळायचं पिंप. मुख्य अट एकच होती. गटात पंचवीस शेतकरी हवेत.

"चोवीस बायका झाल्या," ग्रेसीबाई म्हणाल्या. "एक कमी हाय."

"अहो, पण मी बाई नाही."

"बाई पायजे असं कुठं लिवलाय? शेतकरी पायजे."

"मी शेतकरीही नाही."

"ते तरी कुठं लिवलाय?"

फॉर्मवर ते लिहिलेलं होतं. पण ग्रेसीबाईंनी आजवर मला एकदाही शिळा बोंबील दिलेला नाही, आणि तिसरा मजला चढून येणाऱ्या माणसाला नाही म्हणायला लागणारा निगरगट्टपणा माझ्यात नाही. मी पेन काढलं. नाव, पत्ता, वय. पुढचा रकाना 'क्षेत्र' असा होता. मी ५४५ लिहिलं.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. भाईंदरमध्ये कुणी क्षेत्र विचारलं तर माणूस चौरस फूट सांगतो. नुसता आकडा सांगतो. 'पाचशे पंचेचाळीस कार्पेट' म्हटलं की समोरच्याला तुमचा पगार, तुमची मुलं किती आणि पाहुणे आले की कोण कुठे झोपतं, सगळं कळतं. एकक लिहायची इथे पद्धतच नाही. रकान्याचं एकक फॉर्मच्या वरच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं होतं : आर.

माझी बायको मृणालिनी शाळेत गणित शिकवते. तिने नंतर मला ऐकवलेलं वाक्य इथेच नोंदवून टाकतो. "अहो, एकक लिहिलं नाही तर मी पाचवीच्या पोरांचा अर्धा मार्क कापते."

फॉर्मला जमिनीचा उतारा जोडायचा होता. मी सुट्टी काढून तलाठी कार्यालयात गेलो. तलाठ्यांनी सोसायटीचा सर्व्हे नंबर विचारला, वही उघडली आणि सातबारा माझ्यापुढे सरकवला. आमची चार मजल्यांची, बत्तीस फ्लॅटची इमारत उभी राहून बारा वर्षं झाली. बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावावर कधी केलीच नाही. त्यामुळे सातबाऱ्यावर मूळचे शेतकरी होते, ते वारले म्हणून त्यांचे चौदा वारस होते, आणि पिकाच्या रकान्यात 'भात' असं लिहिलेलं होतं.

"इथे भात पिकतो?" मी विचारलं.

"कागदावर पिकतो," तलाठी म्हणाले. "तुम्ही तिथे राहता म्हणजे पिकात राहता. कॉपी किती?"

मी दोन घेतल्या. विद्यापीठात कुणीतरी उतारा जोडलाय की नाही एवढंच तपासलं, टाचणी मारली आणि अशा रीतीने चौकचा गट पंचवीसचा झाला.

नोव्हेंबरात चौकला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. विस्तार विभागाचे डॉ. ईश्वर खरात शिकवायला आले होते. सडपातळ, सौम्य गृहस्थ. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'बरं का' म्हणत. पेंढा दोन-तीन इंच कापायचा, रात्रभर भिजवायचा, गरम पाण्यातून काढायचा, निथळायचा, प्लास्टिकच्या पिशवीत थर देत बियाणं पेरायचं आणि अंधारात टांगायचं. चोवीस बायका हाताने शिकत होत्या. वही घेऊन बसलेला मी एकटाच होतो. मी गरम पाण्याचं तापमान विचारलं, तेव्हा डॉक्टरांचे डोळे चमकले. असा जिज्ञासू शेतकरी त्यांना सोळा वर्षांत भेटला नव्हता. मला तेव्हाच उठून सांगता आलं असतं. पण कौतुक चालू असताना मधे बोलणं बरं दिसत नाही.

प्रत्येक सभासदाने घरी सहा पिशव्यांचं प्रात्यक्षिक करायचं होतं. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी ग्रेसीबाईंच्या मुलाने, व्हिन्सेंटने, आपल्या टेम्पोतून पेंढ्याचे चार भारे आमच्या फाटकाशी आणून टाकले. मी एकेक भारा डोक्यावर घेऊन तीन मजले चढलो. वाटेत बारा शेजारी भेटले. कुणी काही विचारलं नाही. आमच्या सोसायटीत प्रश्न तोंडावर विचारत नाहीत. आधी आपसात उत्तर ठरवतात.

ते उत्तर मला संध्याकाळी समोरच्या हंसाबेनकडून कळलं. दार अर्धं उघडून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "गुणवंतभाई, सच बोलना. भैंस लाए हो?"

"हंसाबेन, तीन मजले भैंस कैसे चढेगी?"

"छोटी होगी तो चढेगी ना. सब बोलते हैं, बच्चा लाए हो."

अर्ध्या तासात सेक्रेटरी आले. हरिश्चंद्र पेडणेकर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत आणि संस्थेच्या उपविधींची पुस्तिका खिशात ठेवतात. बरोबर पंच म्हणून दोन सभासद आणले होते.

"रेडकर, वैयक्तिक काही नाही. पण निवासी गाळ्यात दुभतं जनावर ठेवता येत नाही."

"जनावर नाहीये."

"मग पेंढा कोण खाणार?"

"कोणी खाणार नाही. त्याच्यावर मशरूम येणार."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. म्हैस त्यांना पटण्यासारखी होती. हे पटलं नाही. त्यांनी दोन्ही खोल्या, गॅलरी आणि पलंगाखालची जागा तपासली आणि 'पाहणीत जनावर आढळले नाही' असा शेरा लिहून माझी सही घेतली. खाली जाताना एक पंच म्हणाला ते मला ऐकू आलं. "गच्चीवर असेल."

पेंढा भिजवायचं पिंप ठेवायला बाथरूमशिवाय जागा नव्हती. पिशव्या टांगायला अंधारी, ओलसर, वारा न लागणारी जागा हवी होती. बिल्डरने आमचं बाथरूम जणू त्यासाठीच बांधलं होतं. कपडे वाळत घालायच्या दांडीवर सहा पिशव्या बसल्या. अडचण एवढीच की खाली माणूस बसू शकत नव्हता. शिवाय माझ्या वहीत नोंद होती : साबणाचा फेस व अत्तराचे वास टाळावेत.

"मग आंघोळ कुठे करायची?" मृणालिनीने विचारलं.

वीसेक दिवसांचा प्रश्न आहे, असं मी म्हणालो. त्यावर तिने माझा टॉवेल आणून माझ्या खांद्यावर टाकला.

अखेर हंसाबेनच मदतीला आल्या. त्यांनी आपलं बाथरूम आम्हाला दिलं. अट अशी की आमचं मशरूम त्यांच्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही. आम्ही ती पाळली. रोज सकाळी साडेसहाला मी खांद्यावर टॉवेल, हातात साबणाची डबी अशा थाटात जिन्यावरची चार पावलं ओलांडून आंघोळीला जात असे. चौथ्या मजल्यावरचे लोक त्याच वेळी दूध आणायला खाली उतरत. नोकरीच्या बाविसाव्या वर्षी माणसाने काय कमावलं, असा प्रश्न मला त्या चार पावलांत रोज पडायचा. चौथ्या मजल्याच्या पायातल्या चपलांकडे बघत मी तो टाळायचो.

पिशव्यांत पांढरे तंतू पसरले. तेविसाव्या दिवशी मी प्लास्टिक कापून काढलं. इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर पाणी मारायची बाटली घेऊन दिवसातून तीनदा फवारे दिले. आणि नवीन वर्षाच्या पहिल्या आठवड्यात, एका सकाळी, सहाही गठ्ठ्यांवर करड्या रंगाच्या कानासारखे गुच्छ फुटले. मी मृणालिनीला हाक मारली. ती दारात येऊन उभी राहिली.

"येतात हो," ती म्हणाली. मग माझ्या हातातली बाटली घेऊन तिने स्वतः एक फवारा मारला. दुसऱ्या दिवशी तिने ओल्या खोबऱ्याचं वाटण लावून रस्सा केला. तो रस्सा जेवल्यावर मला शेतकऱ्यांबद्दल, म्हणजे आम्हा शेतकऱ्यांबद्दल, निराळाच आदर वाटू लागला.

इकडे हे चाललं असताना विद्यापीठात काय चाललं होतं, ते मला पुढे समजलं. शिवार फेरीसाठी ठाणे जिल्ह्यातला अळिंबी घेणारा सगळ्यात मोठा शेतकरी कोण, असं यादीत शोधलं गेलं. चोवीस बायकांच्या नावापुढे पाच, सात, फार तर बारा आर होते. पंचविसाव्या नावापुढे पाचशे पंचेचाळीस. फेरीची पूर्वसूचना रीतसर निघाली. ती 'मा. सरपंच, ग्रामपंचायत गोडदेव' यांना पाठवण्यात आली. गोडदेवची ग्रामपंचायत बंद होऊन एकोणीस वर्षं झाली आहेत. पोस्टाने ते पत्र आधी नगरपालिकेला, मग ती महापालिका झाली आहे हे लक्षात आल्यावर महापालिकेला, आणि तिथून उद्यान विभागाला दिलं. मला ते ३ फेब्रुवारीला मिळालं.

तर, १८ जानेवारी.

फाटकाशी बेचाळीस शेतकरी, पुढे फाईल घेतलेले डॉ. खरात. आत, पेपर वाचत बसलेले पेडणेकर.

"रेडकरांची जमीन कुठून सुरू होते, बरं का?" डॉक्टरांनी विचारलं.

बारा वर्षं पेडणेकर एकाच भीतीत जगत आहेत. जमीन सोसायटीच्या नावावर नाही. एक दिवस ते चौदा वारस येतील आणि जमीन मागतील. टोप्या घातलेली, धोतर नेसलेली, चपला धुळीने भरलेली माणसं आणि हातात फाईल असलेला एक गृहस्थ बघून त्यांना वाटलं, तो दिवस आला. त्यांनी फाटक ओढून घेतलं, कडी घातली आणि वर बघून ओरडले, "रेडकर, वारस आले!"

"चौदाच होते ना?" मी गॅलरीतून विचारलं.

"तीन-तीन पिढ्या आल्यात!"

मी शर्ट घालून खाली गेलो. डॉक्टरांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मग माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. मागे इमारत होती. त्यांनी डावीकडे बघितलं. तिथे दुसरी इमारत होती. उजवीकडे चक्की आणि तिच्या पलीकडे तिसरी.

"शेत मागच्या बाजूला आहे का?"

"वर आहे," मी म्हणालो.

पेडणेकरांनी कडी काढली ती मी लेखी दिल्यावर. आलेले गृहस्थ कोणत्याही अर्थाने वारस नाहीत, असं मला उपविधींच्या पुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून द्यावं लागलं. मग फेरी वर निघाली. बाथरूम पाच फूट बाय चार फूट. एका वेळी तिघे आत, बाकीचे बाहेरच्या खोलीत, आणि उरलेले जिन्यावर, थेट तळमजल्यापर्यंत. मी दारात उभा राहून माहिती देत होतो. आवाज शक्य तितका शांत ठेवला होता.

मुरबाडकडच्या गिरिजाबाई नावाच्या एक वयस्क शेतकरी पहिल्या तिघांत होत्या. त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं, नळ उघडून बंद केला.

"बाबा, ही तर न्हाणी हाय."

"हो."

"मंग तुमी आंगूळ कुटं करता?"

"शेजारी."

त्यांनी मागे वळून जिन्यावरच्यांना सांगितलं, "शेतासाठी मानूस शेजारी आंगूळ करतो रं!" ही बातमी मजल्यामजल्याने खाली गेली. मला वाटलं होतं, सगळे हसतील. पण जिन्यावर कुणी हसलं नाही. तळमजल्यावरून कुणीतरी कौतुकाने 'वा' म्हणालं. मग प्रश्न सुरू झाले. पाणी कितींदा? पेंढा कुठला? बाटलीचं तोंड केवढं? उंदीर येतात का? मी वही आणली. तापमानाचे सगळे आकडे माझ्याकडे होते. तासभर मी बोललो आणि माझ्या आयुष्यात माझं बोलणं इतक्या लोकांनी एवढं लक्ष देऊन ऐकलेलं नाही.

हंसाबेनने उंबऱ्यापलीकडून बेचाळीस माणसांचा चहा केला. ते बघून दुसऱ्या मजल्याने बिस्किटं काढली, तेव्हा चौथ्याला पोहे करावे लागले. पेडणेकर अध्यक्ष असल्यासारखे जिन्यात उभे राहून 'एका बाजूने, एका बाजूने' म्हणत होते. गिरिजाबाई चहाचा कप घेऊन हंसाबेनच्या गॅलरीत गेल्या आणि त्यांच्या मरतुकड्या कढीलिंबाच्या कुंडीतली माती उकरून त्यांनी काहीतरी सांगितलं. दोघींची भाषा वेगळी होती. त्याने काही अडलं नाही.

सव्वाबाराला डॉ. खरातांनी मला बाजूला घेतलं.

"रेडकरसाहेब, उरलेलं क्षेत्र कुठे आहे?"

"उरलेलं नाही. हेच आहे. ते चौरस फूट होते."

डॉक्टर सोफ्यावर बसले. फाईल उघडली, मिटली. "वार्षिक अहवाल छापून आलाय, बरं का," ते म्हणाले. यावेळचं 'बरं का' क्षीण होतं.

मी त्यांना म्हणालो की दुरुस्ती करून टाका. आकडा चुकला की दुरुस्ती छापायची, विषय संपला. आमच्या धंद्यात असंच असतं.

"दुरुस्तीचा नमुना आहे ना," ते म्हणाले. "पण दुरुस्ती झाली की तुमचं क्षेत्र उरतं अर्धा आर. गटात प्रत्येकाच्या नावावर किमान पाच आर लागतं. तुमचं नाव कमी होणार. गट चोवीसचा होणार. चोवीसचा गट धरत नाहीत. शेड जाणार."

बस पुढे चौकला गेली. मीही गेलो, कारण ही बातमी ग्रेसीबाईंना दुसऱ्या कुणाकडून कळणं मला बरं वाटलं नाही. चौकच्या चोवीस घरांत पिशव्या टांगलेल्या होत्या. जाळी ठेवायच्या खोलीत, देव्हाऱ्यातल्या मेरीमातेच्या मागच्या अंधारात, एका घरी पाळण्याच्या हुकाला. सगळ्या माझ्यापेक्षा चांगल्या फुटल्या होत्या. शेतकरी भराभरा लिहून घेत होते. ग्रेसीबाई ठेवणीतली साडी नेसून सगळ्यांना हात धरून आत नेत होत्या.

मी त्यांना बाजूला बोलावून सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजे तुमी खरा लिवला की आमची शेड गेली."

"हो."

"आनि खोटा ऱ्हायला की शेड ऱ्हायली."

"तसंच."

"मंग ऱ्हाऊ द्या की, दादा. तुमच्या साडेतेरा एकरानं कोनाचा काय खाल्ला?"

चूक माझी, आणि ती तशीच ठेवायची, हे माझ्याच्याने होत नव्हतं. ती सुधारायची तर चोवीस बायकांचा पावसाळा जात होता. डॉक्टर भले माणूस. ते म्हणाले, सभासदांची यादी ३१ मेपर्यंत दुरुस्त करता येते. तोवर बघा.

मी बघायला लागलो. गटात भूमिहीनांनाही घेतात असं नियमात सापडलं. मी तलाठ्यांकडे भूमिहीन असल्याचा दाखला मागायला गेलो.

"फ्लॅट आहे ना तुमचा?"

"आहे."

"मग भूमिहीन कसे?"

"पण जमीन माझ्या नावावर नाही."

"नाहीच आहे. ती वारसांची." तलाठ्यांनी पान उलटून खात्री केली. "तुम्हाला जमीन नाही, पण तुम्ही भूमिहीनही नाही. तुमच्यासाठी नमुना नाही."

मार्चमध्ये आणखी एक गोष्ट झाली. दुपारी चार वाजता आमच्या वृत्तसंपादकांनी माझ्या टेबलावर एक प्रसिद्धीपत्रक ठेवलं. विद्यापीठाचं होतं. 'साडेतेरा एकरांत अळिंबीची क्रांती', खाली माझा फोटो, हातात इस्त्रीची बाटली. "हे रेडकर तुझे कोणी लागतात का?" त्यांनी विचारलं. "चेहरा मिळतोय. आकडे तपासून सोड." मी ते पत्रक तपासलं. एक आकडा सोडून सगळे बरोबर होते. मी त्यावर 'जागा झाल्यास' असं लिहून खालच्या ट्रेमध्ये ठेवलं, आणि त्यानंतर तीन आठवडे पानात जागा होऊ नये अशी मनापासून इच्छा केली. जागा झाली नाही.

पंचविसावा माणूस मिळाला तो समोरच्या दारात. एप्रिलमध्ये हंसाबेनने मला त्यांच्या गॅलरीत बोलावलं. कढीलिंब कंबरेएवढा झाला होता.

"वो गिरिजाबेन बोली, मेरे हाथ में गुण है," त्या म्हणाल्या. "मेरा नाम लिख दो ना ग्रेसी के साथ."

"पण तुम्ही मशरूम खात नाही."

"खाना थोड़े ही है? उगाना है."

आणि त्यांना जमीन होती. भावनगरकडे, भावाबरोबर सामाईक, त्यांच्या वाट्याला चांगली वीस आरच्या वर. जमीन महाराष्ट्रातच हवी असं नियमात कुठे लिहिलेलं नाही. मी तो तीनदा वाचलाय. भावाने उतारा पाठवला. मी तो घेऊन सही-शिक्क्यासाठी तलाठ्यांकडे गेलो. आमच्या नाक्यावरच्या निम्म्या दुकानांच्या पाट्या गुजरातीत आहेत आणि तलाठी त्यांतल्या एका दुकानात रोज फाफडा खातात, पण उतारा गुजरातीत आहे म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला. "ही लिपी आम्हाला वाचायचा अधिकार नाही." उतारा प्रमाणित भाषांतरासाठी १२ मे रोजी ठाण्याला गेला. हंसाबेनने तेव्हापासून पिशव्या टांगण्यासाठी आपलं बाथरूम रिकामं केलंय. आमचं पीक निघालंय, त्यामुळे आता दोन्ही कुटुंबं आमच्याकडे आंघोळ करतात.

माझा दुरुस्तीचा नमुना भरून तयार आहे. त्यात अर्धा आर लिहिलंय, एककासकट, मृणालिनीने तपासलंय. हंसाबेनचं नाव चढलं की त्याच दिवशी माझं उतरवायचं, असं डॉ. खरातांशी ठरलंय. नाव चढलं नाही तर ३१ तारखेला मी काय करणार, हे मृणालिनीने दोनदा विचारलं. पेडणेकरांनी एकदा विचारलं. ग्रेसीबाईंनी विचारलेलं नाही. परवा बुधवारी त्या पापलेट देऊन गेल्या आणि मी निवडायच्या आधीच सगळ्यात मोठं त्यांनी माझ्या ताटात टाकलं.

आज शुक्रवार, २८ मे. सकाळी साडेदहाला मी ठाण्याच्या भाषांतर विभागात फोन केला. संबंधित भाषांतरकार रजेवर आहेत, सोमवारी येतील, असं सांगण्यात आलं. सोमवारी एकतीस तारीख आहे.

अकरा वाजून वीस मिनिटांनी व्हिन्सेंटच्या मोबाईलवरून ग्रेसीबाईंचा फोन आला. मागे बायकांचा गलका होता आणि काहीतरी दणादण जमिनीवर पडत होतं.

"दादा, शेडचे बांबू आले! ट्रकभर!"

"मंजुरीचं पत्र आलं?"

"पत्र कुठला? ड्रायव्हर म्हनतो मना पत्राचा काय ठावं न्हाय, मना उतरवायला सांगितलाय. अर्धे उतरले पन." मागचा दणदणाट चालूच होता. "परत न्हेनार न्हायत ना?"

मी विद्यापीठात फोन लावला. डॉ. खरात मुरबाडला दौऱ्यावर होते. कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, बांबू कुणी पाठवले ते बघावं लागेल, फाईल सापडत नाहीये.

दुपारी एकपर्यंत सगळे बांबू उतरले होते. ते राहणार की परत जाणार हे कुणी सांगितलेलं नाही आणि ट्रक अजून चौकमध्येच उभा आहे.